औषधार्थ लसूण

ठाण्याच्या वर्तकनगरात ज्याचं बीपी वाढलेलं नाही असा सोसायटीचा सेक्रेटरी अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. म्हाडाच्या जुन्या इमारती, गळक्या गच्च्या आणि पुनर्विकासाच्या सभा, एवढ्या भांडवलावर कोणाचंही रक्त तापतं. कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ, आणि ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यांना पार्किंग किती. सरकारने २०१९ साली नियम सोपा केला की ५१ टक्के सभासदांची संमती पुरे. आमच्याकडे ५१ टक्के संमती दर सभेत मिळते. फक्त ते ५१ टक्के दर सभेत वेगळे असतात. मी सेक्रेटरी झालो तोही काही निवडणूक लढवून नव्हे. त्या दिवशी पोखरण रोडला गाड्या तुंबल्या होत्या, मी सभेला उशिरा पोचलो आणि पोचलो तेव्हा माझं अभिनंदन चाललं होतं.

तर बीपी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून फुगवला, सोडला, आणि काही न बोलता पुन्हा फुगवला. डॉक्टर तीच गोष्ट गुपचूप दुसऱ्यांदा करू लागले की विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते आपोआप आठवायला लागतं.

"वरचं १५८, खालचं ९८. काल सभा होती का?"

"होती."

"मग आठवड्याने या."

आठवड्याने गेलो तेव्हा सभा नव्हती, तरी १५४ भरलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. मीठ कमी, रोज चालणं, महिन्याने परत दाखवा. "नाही उतरलं तर गोळी चालू करू," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आमच्या घराण्यात बीपीची गोळी ही जन्मठेप मानतात. 'एकदा लागली की सुटत नाही' हे वाक्य मी लहानपणी काकांच्या बाबतीत ऐकलं, मग आत्याच्या. दोघांनीही गोळ्या खात खात पंच्याऐंशी ओलांडली. पण त्याचं श्रेय गोळीला दिलेलं कोणी ऐकलं नाही. शिवाय ती सात वारांचे सात कप्पे असलेली प्लास्टिकची डबी. ती एकदा जेवणाच्या टेबलावर आली की रिक्षावालेही 'बाबा' म्हणायला लागतात. मी ठरवलं, महिना आहे ना हातात? महिन्यात १३० वर आणून दाखवतो.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून उपवनला जायला लागलो. तिथे तलावाच्या कट्ट्यावर रोज सकाळी जी ओपीडी भरते तिला केसपेपर लागत नाही. नुसतं "जरा प्रेशर निघालंय" एवढं म्हणायचा अवकाश, की दुधीचा रस, अर्जुनाची साल, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, अनवाणी गवतावर चालणं असे उपचार सुरू. येऊरच्या डोंगरावरून येणारं वारं एरवी फुकट असतं, त्याचाही कोणीतरी डोस ठरवून दिला. या सगळ्यांत एक निवृत्त गृहस्थ होते, सत्तरीचे, ताठ चालणारे. त्यांनी बाकीच्यांना हाताने गप्प केलं आणि म्हणाले, "लसूण. दोन पाकळ्या, उपाशीपोटी. माझं बघा, १२६ वर ८०." पुरावा समोर ताठ उभा होता. मी त्याच दिवशी जांभळी नाक्याला गेलो.

साल होतं २०२४, म्हणजे लसूण चारशे रुपये किलोच्या घरात गेला होता ते. भाजीवाला पाव किलो मागणाऱ्याकडे आदराने बघत होता. मी अर्धा किलो घेतला तेव्हा त्याने विचारलं, "हॉटेल आहे का, साहेब?"

आणि महिना होता आषाढाचा. कांदेनवमीला घरात कांद्याची भजी, वांग्याचं भरीत आणि लसणाची फोडणी घातलेलं जे जे आठवेल ते होऊन गेलं होतं, आणि आईचा चातुर्मास बसला होता. आई निवृत्त शिक्षिका. कांदेनवमी ते कार्तिकी एकादशी तिच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही. जे येतं ते बाल्कनीत, झाकणाच्या डब्यात, नजरकैदेत राहतं. अर्धा किलो लसूण बघून ती एवढंच म्हणाली, "अरे, आता? चार महिने थांबलं नसतं का तुझं प्रेशर?"

पहिले काही दिवस मी पाकळ्या सोलून पाण्याबरोबर अख्ख्या गिळल्या. चावायच्या नाहीत, म्हणजे वास नाही, म्हणजे आईला कळणार नाही, असा हिशेब. पोरीने तो मोडून काढला. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या फीचे पैसे वसूल होतात ते अशा वेळी, माझ्याच पदरात. "बाबा, अख्खी पाकळी गिळून काय होणार? तिच्यात ॲलिइन वेगळ्या कप्प्यात असतं, ॲलिइनेज वेगळ्या. ठेचल्याशिवाय दोघांची गाठ पडत नाही आणि गाठ पडल्याशिवाय ॲलिसिन तयार होत नाही. ठेचायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. आणि पोटातल्या ॲसिडात ते ॲलिइनेज मरतं, त्यामुळे गिळल्यावर वाट बघून उपयोग नाही." मी म्हटलं, मग भाजीत घालतो. "शिजवला तरी मरतं." एवढं नाजूक एन्झाइम माझ्या चाळीस वर्षांच्या आमट्यांमध्ये रोज मरत आलंय हे ऐकून वाईट वाटलं.

मग ठेचणं आलं. पहाटे खलबत्ता, दहा मिनिटं घड्याळाकडे बघणं, मधाचं बोट, आणि मग तो गोळा घशाखाली. पहिल्या दिवशी अन्ननलिका नेमकी कुठून कुठपर्यंत आहे ते शरीरशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळलं. वास तर असा, की दारावर वर्तमानपत्र टाकणारा मुलगा पुढच्या मजल्यावर जरा लवकर पोचायला लागला. बडीशेप खाल्ली, वेलदोडा चावला, दोनदा दात घासले. पोरीने पुन्हा माहिती दिली की हा वास तोंडातला नसतोच. लसणातलं एक गंधकी द्रव्य पचत नाही, ते रक्तातून फुप्फुसात येतं, श्वासातून आणि घामातून बाहेर पडतं. म्हणजे ब्रश करणं हे माझं नुसतं समाधान. कच्चं सफरचंद किंवा दूध वरून घेतलं तर थोडा फरक पडतो म्हणे. मी ग्लासभर दूध प्यायलो, त्याने वास कमी झाला की नाही ते कळलं नाही, ॲसिडिटी मात्र झाली.

तुम्हाला वाटेल, लोकलच्या डब्यात तरी मला ऐसपैस जागा झाली असेल. ठाण्याहून सकाळी फास्ट पकडणाऱ्याला असं वाटणार नाही. नाक वळवायला तरी जागा हवी. एका तरुणाने बराच वेळ श्वास रोखून मुलुंड, भांडुप काढलं, घाटकोपरला तोंड उघडलं आणि सगळ्या डब्याला उद्देशून म्हणाला, "सकाळी सकाळी चायनीज कोण खातं यार?" मीही मान हलवून नापसंती व्यक्त केली.

घरी प्रकरण धर्मशास्त्रात गेलं. मी आईला म्हटलं, "अगं, आयुर्वेदात लसूण म्हणजे रसायन आहे. काश्यपसंहितेत त्याच्यावर अख्खा कल्प आहे. मध्य आशियात कुचाला १८९० साली एक जुनी पोथी सापडली, बॉवर हस्तलिखित म्हणतात तिला, तिच्यातसुद्धा लसणाची स्तुती आहे. राहूने चोरून अमृत प्यायलं, विष्णूने त्याचा गळा कापला, तिथून जे थेंब जमिनीवर पडले त्यांचा लसूण झाला. म्हणजे अमृतच ना?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "राहूच्या घशातून आलेलं."

शेवटी तिनेच तिच्या ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी एका श्वासात निकाल दिला: औषधार्थ चालतं. आईने निकाल मान्य केला, पण अटी घातल्या. खलबत्ता वेगळा. ठेचायचं बाल्कनीत. आणि देवघरासमोरून जाताना श्वास सोडायचा नाही.

बाल्कनीत ठेचायला लागल्यावर खालच्या मजल्यावरून तक्रार आली. तक्रार सेक्रेटरीच्या नावाने आली. सेक्रेटरी मीच, म्हणून मी तिची रीतसर पोच दिली, विषय पुढच्या कार्यकारिणीसमोर ठेवला आणि त्या आठवड्यात बीपी १६० दाखवायला लागलं.

हे दाखवणारं यंत्रही मी आणलं होतं. डिजिटल, दंडाला गुंडाळायचं. ते कसं वापरायचं याचेही नियम आहेत. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पट्टा छातीच्या उंचीला, अर्धा तास आधी चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, आणि मोजताना बोलायचं नाही. यांतली शेवटची अट आमच्या दोन खोल्यांच्या घरात कधीच पाळली गेली नाही. पट्टा फुगायला लागला की नेमकं बायको विचारणार, "अहो, गॅसचा नंबर लावलात का?" मी "हो" म्हणायचो आणि आकडा वर जायचा. नंबर लावलेला नसेल तर आणखी वर. शिवाय यंत्र आल्याचं कळल्यावर अख्खी विंग मोजून घ्यायला यायला लागली. प्रत्येकाचं माझ्यापेक्षा कमी निघे आणि प्रत्येक जण जाताना मला धीर देऊन जाई.

तोंडातली आग असह्य झाली तेव्हा मी लसूण दुसऱ्या मार्गाने पोटात घालायचं ठरवलं. या काळातलं माझं तर्कशास्त्र आज मलाच नीट उलगडत नाही. लसूण औषध आहे. वडापावच्या सुक्या चटणीत लसूण असतो. म्हणून स्टेशनवरून येताना वडापाव. वडा निमित्तमात्र, मी चटणी जास्त मागून घ्यायचो. घरी न्यायला लसूण शेव. ऑफिसच्या डब्यात लसणाचं लोणचं, ते मी बायकोला न सांगता ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'मीठ कमी' हे पहिल्या क्रमांकावर होतं, पण मी मीठ कुठे खात होतो? मी लसूण खात होतो! दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या ड्रॉवरमधल्या बरणीला ते कोणी कळवलं नव्हतं. चटणी बंद केली असती तर एवढ्यात उतरलं असतं, असं पोरीचं आजही मत आहे.

ती बरणी तिने शोधून काढली आणि मग मी कॅप्सूलवर आलो. औषधाच्या दुकानात त्या व्हिटॅमिनच्या फळीवर मिळतात. सोनेरी, तेलाने भरलेल्या, बिनवासाच्या. वास नाही, खलबत्ता नाही, बाल्कनी नाही. मी बाटली विजयी मुद्रेने टेबलावर ठेवली. आईने ती उचलली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. आयुष्यभर सहामाहीचे पेपर तपासलेली बाई. तिच्या हातात छापील मजकूर गेला की चूक निघाल्याशिवाय परत येत नाही.

"हे वाच," ती म्हणाली.

इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: औषधी वापरासाठी नव्हे.

"गुरुजी म्हणाले औषधार्थ चालतं. हे म्हणतायत औषध नाही. मी नाही म्हणत, कंपनी म्हणत्ये."

मी सांगायचा प्रयत्न केला की तो अन्नसुरक्षेचा नियम आहे, २०१६ पासूनचा; अशा गोळ्या कायद्याने 'पूरक आहारा'त मोडतात, म्हणून ते छापावंच लागतं. आई म्हणाली, "म्हणजे आहार. म्हणजे चातुर्मासात नाही." आणि बाटली फिरवून तिने दुसरी बाजू दाखवली. कोपऱ्यात, छोट्या चौकटीत, तपकिरी खूण. मांसाहाराची. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून निघतं. एका सोनेरी थेंबात मी चातुर्मासातल्या दोन गोष्टी एकदम मोडत होतो. लसूण तिने एकवेळ पोटात घातला असता. त्याच्या भोवतीचं कवच तिला पचलं नाही. बाटलीची रवानगी बाल्कनीत झाली.

मी त्या बाल्कनीतच उभा राहून घ्यायचो. दोन सकाळी, दोन रात्री. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट, पण औषध नव्हतंच ना ते.

मग दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरांनी काढायचं ठरवलं आणि सुई भरण्याआधी विचारलं, "बीपी-शुगरचं औषध? रक्त पातळ व्हायचं काही? ॲस्पिरिन?" मी अभिमानाने म्हटलं, "कसलंही औषध घेत नाही." बाटलीवर तसं छापलेलंच होतं.

दाढ निघाली, रक्त थांबेना. कापसाचा बोळा बदलला, पुन्हा बदलला. डॉक्टर गप्प, मी बळजबरीने गप्प. शेवटी त्यांनी एक टाका घातला आणि सहज विचारलं, "काही काढे, पावडरी, लसूण वगैरे?" मी बोळ्यामागून मान डोलावली. लसणाने रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात, म्हणून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी या गोळ्या बंद करायला सांगतात, ही माहिती मला आ वासलेल्या अवस्थेत मिळाली. सगळा दोष लसणाचाच, असं ते म्हणाले नाहीत. दाढही आडवी होती आणि प्रेशरही होतंच. पण विचारल्यावर सांगायला काय झालं होतं, असं मात्र म्हणाले. दोनदा.

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा. विषय, दोन बिल्डरांचे देकार. एरवी प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देतो, उत्तराला आक्षेप येतो, आक्षेपाला मी नियम दाखवतो आणि साडेअकराला खुर्च्या हलायला लागतात. त्या दिवशी तोंडात बोळा. कोणी काही विचारलं की मी मान हलवायचो. विचारणारा तिचा हवा तो अर्थ घ्यायचा आणि समाधानाने खाली बसायचा. खजिनदारांनी हिशेब वाचले, कोणी आवाज चढवला नाही, पार्किंगचा ठराव एकमताने झाला. साडेनऊला लोक घरी. गेल्या कित्येक वर्षांत सोसायटीने एवढं काम केलं नव्हतं, हे मला तीन जणांनी पाठीवर थाप मारून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लावलं. १२८ वर ८२.

मी फोटो काढून नातेवाइकांना, उपवनच्या मंडळींना, पोरीला पाठवला. खाली लिहिलं, 'लसणाचा विजय असो.' पोरीचं उत्तर आलं: 'बाबा, आज तुम्ही पहिल्यांदाच मोजताना बोलला नाहीत.'

पुढच्या सभेपर्यंत जखम भरली, वाचा परत आली आणि आकडा १६२ झाला.

महिना कधीच उलटून गेला होता. डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं, लोणच्याची बरणी सोडून. ते हसले नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं. "लसणाने थोडं उतरतं, नाही असं नाही," म्हणाले. पोरगी बरोबर होती, तिने आकडेच काढले. ऑस्ट्रेलियातल्या कारिन रीड यांनी २०१६ मध्ये वीस चाचण्या एकत्र करून बघितल्या, ९७० माणसांच्या. सरासरीने वरचं पाचाने उतरलं होतं. ज्यांचं मुळात वाढलेलं होतं त्यांचं आठ-नऊने. "बघा!" मी म्हटलं. "मोजून-मापून दिलेल्या गोळ्या, बाबा. चटणी नाही. आणि त्यांच्यातले कितीतरी जण नेहमीची गोळीही घेत होते." डॉक्टरांनी पुढचं सांगितलं की लसणाने हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळतो का, मृत्यू कमी होतात का, हे वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या मंडळींनी २०१२ साली तपासलं तेव्हा हाती पुरेसं काही लागलं नाही. गोळ्यांच्या बाबतीत ते कित्येक वर्षांपूर्वी सिद्ध झालंय. "तुमचं १६० वरून आठने उतरलं तर किती राहतं?" मी बँकेत नोकरी केलेला माणूस. वजाबाकी करता आली.

गोळी सुरू झाली. अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, रोज एक. पांढरी, डाळीच्या दाण्याएवढी. आईने पाकीट मागून-पुढून वाचलं आणि परत दिलं. चातुर्मासात चालते.

उपवनला त्या ताठ गृहस्थांना मोठ्या मनाने सांगायला गेलो की आपला काही लसूण लागू पडला नाही, शेवटी गोळीच घेतली. ते म्हणाले, "कुठली? अॅम्लो का? मीही घेतो की, बारा वर्षं झाली." मी म्हटलं, मग ते १२६ वर ८०? "ते लसणाने. गोळीचं काय घेऊन बसलात, ती तर सवय आहे."

पुनर्विकासाचा करार अजून झालेला नाही. माझं सकाळचं १३२ वर ८४ असतं, सभेच्या दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. वाचकांपैकी कोणी लसणाच्या कॅप्सूल घेत असेल तर खुशाल घ्या, फक्त आपल्या डॉक्टरांना तसं सांगा, आणि दात काढायला किंवा ऑपरेशनला जाताना "काही औषध घेता का?" असं कोणी विचारलं की त्यांचंही नाव घ्या. बाटलीवर काहीही छापलेलं असो.